धावणाऱ्याच्या गुडघ्याला कोणता पट्टा?

आपल्या शाळेत गुडघ्याचा विषय निघतो तो बहुतेक एमआय रूमच्या बाकावर. क्रॉस कंट्रीच्या आदल्या आठवड्यात तिथे रांग लागते. निम्म्यांचा गुडघा खरोखर दुखत असतो आणि निम्म्यांचा पी.टी. उस्तादांना पाहून दुखू लागतो. मीही त्या रांगेत बसलेलो आहे. कोणत्या निम्म्यात, ते विचारू नका.

पण हा लेख आपल्या वयाच्या गुडघ्याबद्दल नाही, माझ्या बाबांच्या गुडघ्याबद्दल आहे. आपल्यापैकी अनेकांचे वडील फौजेत आहेत किंवा होते आणि त्यांना पहाटे धावल्याशिवाय चहा गोड लागत नाही. त्यांच्यापैकी कोणाचा ना कोणाचा गुडघा आज ना उद्या कुरकुरणारच. तेव्हा मी केलेली चूक तुम्ही करू नये, म्हणून हे लिहितो आहे.

आमचे घर रायपूरजवळ उरला येथे आहे. उरला म्हणजे कारखान्यांचा भाग. रोलिंग मिल, स्पंज आयर्न, लोखंडाचे ट्रक. सकाळी गच्चीवर अनवाणी गेलात तर तळवे काळे होतात. बाबा मूळचे भंडारा जिल्ह्यातले. कामठीच्या गार्ड्स रेजिमेंटल सेंटरमध्ये त्यांची रिक्रूटी झाली. हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर ते उरल्यातल्या एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर झाले. आठ तासांची ड्यूटी आणि त्यात तीन-चार वेळा पूर्ण आवाराची फेरी. लोखंडी जिने वेगळेच. हे सगळे असूनही ते रोज पहाटे, ट्रकची वर्दळ सुरू होण्याआधी, पाच किलोमीटर धावत असत.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी गेलो तेव्हा ते धावून आल्यावर डावा पाय जरा ओढत होते. मी मोठ्या तज्ज्ञासारखे सांगितले, "बाबा, धावल्याने गुडघे झिजतात. आता बंद करा." हे मला कोणी सांगितले होते? कोणीच नाही. सगळेच म्हणतात म्हणून मीही म्हणालो. बाबांनी माझे ऐकले. शाळेत जाणारा मुलगा सांगतो आहे म्हणजे खरेच असेल, असे त्यांना वाटले असावे.

दिवाळीत परत गेलो. नागपूर, गोंदिया, दुर्ग करत गाडी रायपूरला पोहोचली. नेहमी प्लॅटफॉर्मवर पुढे येऊन ट्रंक उचलणारे बाबा यावेळी पुलाच्या खाली उभे होते. आईने नंतर हळूच सांगितले की सहा किलो वजन वाढले आहे, जिना उतरताना आडवे उतरतात आणि कामावर एक पट्टा बांधून जातात. तो पट्टा मी पाहिला. दोन्ही बाजूंना लोखंडी बिजागऱ्या आणि मध्ये वाटीसाठी गोल भोक होते. दुकानदाराने पँटवरून मांडी पाहूनच साइज दिला होता. संध्याकाळी बाबांनी तो सोडला तेव्हा पोटरी टम्म होती आणि वाटीभोवती लाल कडे उमटले होते. "अबे, घट्ट बांधला की बरं वाटते," असे म्हणून त्यांनी पँट खाली ओढली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे रायपुरातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या हाडांच्या ओपीडीत गेलो. पुढे जे लिहिले आहे त्यातले बरेचसे मला तिथल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी समजावले. उरलेले मी नंतर शाळेत वाचून काढले आणि आपल्या जीवशास्त्राच्या सरांना दाखवले.

सर्वात आधी गुडघा. आपण गुडघा एकच समजतो, पण आत तीन खोल्या आहेत असे समजा. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जिथे टेकतात तिथे एक आतली बाजू आणि एक बाहेरची बाजू. तिसरी खोली वाटीच्या मागे. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. ती पातळ आणि खरखरीत होऊ लागली की त्याला झिजेचा संधिवात म्हणतात. आमच्याकडे लोक "वंगण संपले" म्हणतात, पण मॅडमच्या मते ते अर्धेच खरे. वंगण असतेच, खालचा पृष्ठभाग बिघडलेला असतो. चालताना भाराचा मोठा हिस्सा आतल्या बाजूवर येतो. पाय थोडे कमानीसारखे बाहेर वाकलेले असतील तर आणखी जास्त. म्हणून बहुतेकांची झीज आतल्या बाजूने सुरू होते.

उरल्यातल्या पोराला हे समजायला एक क्षण पुरतो. पंक्चरवाल्याकडे ट्रकचे जुने टायर पाहा. काही टायर आतल्या कडेला गुळगुळीत झालेले असतात आणि बाहेरची नक्षी नव्यासारखी. चाकाचे अलाइनमेंट चुकलेले असते. गुडघ्याचेही तसेच.

मॅडमनी बाबांना पहिला प्रश्न विचारला तो असा : "एका बोटाने दाखवा, कुठे दुखतं?" पूर्ण हात फिरवायचा नाही, एकच बोट. बाबांचे बोट आतल्या बाजूच्या सांध्याच्या रेषेवर गेले. काहींचे बोट वाटीवर जाते आणि ते म्हणतात की जिना उतरताना किंवा खुर्चीवरून उठताना दुखते. काहींना बोट ठेवता येत नाही, सगळा गुडघा दुखतो. पट्टा निवडण्याची सुरुवात या बोटापासून होते, आणि दुकानदार नेमके हेच विचारत नाही.

दुसरा प्रश्न, सकाळी आखडलेला गुडघा किती वेळात मोकळा होतो? झिजेच्या संधिवातात साधारण अर्ध्या तासाच्या आत सुटतो. तासभर किंवा जास्त आखडत असेल, गुडघा गरम आणि सुजलेला असेल, हाताची बोटेही दुखत असतील, तर तो आमवात असू शकतो. त्याची औषधे वेगळी असतात आणि त्यात पट्टा बांधून धावायला जाणे म्हणजे वेळ घालवणे.

मग एक्स-रे. तो उभे राहून काढायचा. झोपून काढला तर गुडघ्यावर भार नसतो आणि हाडांमधली फट आहे त्यापेक्षा मोठी दिसते. झिजेच्या पायऱ्या शून्य ते चार अशा मोजतात. ही पद्धत केलग्रेन आणि लॉरेन्स या दोन डॉक्टरांनी १९५७ साली मांडली आणि अजूनही तीच चालते. बाबांचा आकडा आला दोन. मला वाटले परीक्षेतल्यासारखे जास्त आले तर चांगले. तसे नाही.

आता पट्टे. बाजारात शेकडो दिसतात, पण काम पाहिले तर प्रकार मोजकेच.

पहिला साधा, मोज्यासारखा ओढून चढवायचा, ज्याला सगळे नी-कॅप म्हणतात. काहीशे रुपयांत मिळतो. तो भार कमी करत नाही, हे आधीच लक्षात ठेवा. तो गुडघा उबदार ठेवतो, हलकासा दाब देतो आणि कातडीवर सतत स्पर्श असल्यामुळे मेंदूला गुडघा कुठे आहे याची जाणीव जास्त चांगली राहते. त्यामुळे पाऊल खात्रीने पडते आणि अनेकांना दुखणे कमी वाटते. धावताना तो अंगचा झाल्यासारखा राहतो, हा त्याचा मोठा गुण. कापड निवडताना मात्र रायपूरचा उन्हाळा आठवा. निओप्रीन म्हणजे पाणबुड्यांच्या पोशाखाचे रबर. थंडीत छान, पण मे महिन्यात ४४ अंशांत त्याच्या आत घामोळ्यांचा बाजार भरतो. आपल्याकडे विणलेले, हवा खेळणारे कापड बरे.

दुसरा वाटीसाठी भोक आणि भोवती गादीचे कडे असलेला. ज्यांचे बोट वाटीवर जाते त्यांच्यासाठी हा. कडे वाटीला जागेवर धरते. पण साइज लहान असेल तर तेच कडे वाटीवर चढून दाबते, आणि बाबांच्या गुडघ्यावरचे लाल वर्तुळ त्यातूनच आले होते. वाटीखाली बांधायची एक अरुंद पट्टीही मिळते. ती वाटीखालच्या स्नायूबंधाच्या दुखण्यासाठी असते, उड्या मारणाऱ्या खेळाडूंना उपयोगी. आपल्या बास्केटबॉल टीममध्ये दोघे ती लावतात. झिजेला तिचा उपयोग नाही.

तिसरा बिजागरीवाला. दोन्ही बाजूंना दांडे असतात आणि गुडघा बाजूला सटकू देत नाहीत. लिगामेंटला इजा झालेल्यांना किंवा "गुडघा दगा देतो" असे म्हणणाऱ्यांना हा योग्य. बिजागरी गुडघ्याच्या खऱ्या बिजागरीच्या रेषेत, म्हणजे वाटीच्या मध्याच्या पातळीला आणि जरा मागे, बसली पाहिजे. ती खाली सरकली तर प्रत्येक पावलाला पट्टा एकीकडे वाकतो आणि पाय दुसरीकडे. बाबांचा गुडघा सटकत नव्हता. म्हणजे त्यांनी पैसे दिले ते दुसऱ्याच कोणाच्या दुखण्यासाठी.

चौथा प्रकार झिजेसाठीच बनवलेला, भार हलवणारा. इंग्रजीतूनच आलेले नाव आहे, अनलोडर. त्याची युक्ती मला फार आवडली. लवचीक फूटपट्टी घ्या. मध्ये एका बाजूने अंगठा दाबा आणि दोन्ही टोके दुसऱ्या बाजूने धरा. पट्टी वाकेल. हा पट्टा तेच करतो. बाहेरून गुडघ्यावर दाब, आतून मांडीवर आणि पोटरीवर आधार. अशा तीन ठिकाणच्या दाबाने कमानीसारखा वाकलेला पाय किंचित सरळ होतो आणि आतल्या बाजूचा थोडा भार बाहेरच्या बाजूकडे जातो. सगळा नाही, थोडाच. टायर बदलत नाही, अलाइनमेंट जरासे सुधारते. एकाच बाजूची झीज असेल तरच याला अर्थ आहे. दोन्ही बाजू झिजल्या असतील तर भार हलवून न्यायचा कुठे? हा मापाने बसवावा लागतो, जड असतो आणि हजारो रुपयांना पडतो.

यातला कोणता चांगला, यावर डॉक्टरांचेही एकमत नाही हे वाचून मला नवल वाटले. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ मध्ये सांगितले की चालणे, सांध्याची स्थिरता किंवा वेदना यांवर झिजेचा बराच परिणाम होत असेल तर गुडघ्याचा पट्टा द्यावा, अशी आमची ठाम शिफारस आहे. इंग्लंडच्या नाइस या सरकारी संस्थेने २०२२ मध्ये सांगितले की सरसकट देऊ नका, गुडघा अस्थिर असेल किंवा भार चुकीच्या जागी येत असेल आणि नुसत्या व्यायामाने भागत नसेल तर द्या. दोघे एकच पुरावे वाचतात. मला वाटते, दोघांचे म्हणणे एका गोष्टीवर येऊन मिळते : आधी गुडघा पाहा, मग पट्टा.

मॅडमकडे नमुन्याचा एक अनलोडर होता. त्यांनी तो बाबांना बांधला आणि वरांड्यात चालायला लावले. बाबांचा चेहरा पाहण्यासारखा होता. दहा-बारा पावलांनंतर ते थांबले आणि म्हणाले, "हा घेऊ." मग मॅडमनी हळू धावून पाहायला सांगितले. वरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन परत येईपर्यंत पट्टा चार बोटे खाली उतरला होता. बाबांची पोटरी आणि मांडी यांच्या घेरात फार फरक नाही, त्यामुळे तो टिकत नव्हता. शिवाय धावताना उजव्या पायाला त्याचा दांडा घासत होता.

आणि किंमत. बाबांनी किंमत ऐकली आणि माझ्याकडे पाहिले नाही. मला कळले की ते दुसऱ्या सत्राच्या फीचा हिशोब करत आहेत. मी म्हणालो की घ्या, फीचे बघू. ते म्हणाले, "तू गप." आईने दोघांकडे पाहून मॅडमना विचारले, "आज नाही घेतला तर चालेल का?" त्या दिवशीचा सर्वात शहाणा प्रश्न तोच होता.

चालेल, असे उत्तर आले. मॅडमनी दोन कामे वेगळी केली. ड्यूटीवर आठ तास उभे राहणे आणि फेऱ्या मारणे हे एक काम, पहाटेचे धावणे हे दुसरे. धावण्यासाठी साधा विणलेला नी-कॅप, नीट मापाचा. तीन महिने व्यायाम आणि वजन कमी करणे. तरीही ड्यूटीवर आतली बाजू दुखत राहिली तर मग अनलोडर, आणि तो ड्यूटीसाठी, धावण्यासाठी नव्हे. महाग तोच चांगला असे समजणाऱ्या बाबांना हे पटायला घरी पोहोचेपर्यंतचा रस्ता लागला.

माप घेण्याबद्दल थोडे लिहितो, कारण निम्मी चूक इथेच होते. एम, एल, एक्सएल या अक्षरांना काही अर्थ नाही, प्रत्येक कंपनीचे एक्सएल वेगळे. पाकिटावर तक्ता असतो. वाटीच्या मध्यापासून किती सेंटिमीटर वर आणि किती खाली मोजायचे ते त्यात दिलेले असते. शिंप्याची टेप उघड्या कातडीवर फिरवायची, पँटवर नाही. सकाळी आणि संध्याकाळी दोनदा मोजायचे, कारण गुडघा संध्याकाळी सुजलेला असू शकतो. दोन साइजच्या मध्ये माप आले तर बाबांसारखे "घट्ट असलेला बरा" म्हणू नका. चढवल्यावर वरच्या कडेत दोन बोटे सरकली पाहिजेत. पूर्ण वाकून उठा, जिना चढा, जागेवर पन्नास वेळा डबल मार्क टाइम करा. सरकला, गुडघ्यामागे चुण्या पडल्या किंवा मुंग्या आल्या तर परत करा. परत घेणाऱ्या दुकानातूनच आणा.

नवा पट्टा घालून पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर धावू नये. आधी घरात तासभर, मग चालताना, मग धावताना. काढल्यावर कातडी पाहायची. लालसर खुणा थोड्या वेळात गेल्या तर ठीक. अर्ध्या तासाने तशाच असतील तर दाब जास्त आहे. पाऊल गार किंवा निळसर पडले, बधिर झाले तर लगेच काढायचा. आणि एका पायाची पोटरी सुजली, गरम झाली, दुखू लागली तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जायचे, कारण शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. बाबांची सूज सुदैवाने नुसत्या आवळण्याची निघाली. झोपताना पट्टा काढायचा. हाताने धुऊन सावलीत वाळवायचा. उरल्यात तर गच्चीवर मुळीच नाही. बाबांच्या जुन्या पट्ट्याच्या वेल्क्रोत इतकी काळी धूळ बसली होती की तो चिकटणेच बंद झाला होता.

आता माझ्या चुकीकडे येतो. धावल्याने गुडघे झिजतात का? हा प्रश्न मी मॅडमना सर्वांसमोर विचारला, कारण लपवून उपयोग नव्हता. २०१७ मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून काही डॉक्टरांनी आकडे काढले. आवडीने धावणाऱ्यांत खुब्याचा किंवा गुडघ्याचा संधिवात ३.५ टक्के लोकांना आढळला, न धावणाऱ्यांत १०.२ टक्के आणि स्पर्धेसाठी धावणाऱ्यांत १३.३ टक्के. या आकड्यांवरून धावणे हे औषध आहे असे म्हणता येत नाही, कारण ज्यांचे गुडघे मुळात चांगले तेच धावत राहत असतील. पण रोज बेताने धावणाऱ्याला "बंद करा" सांगायला त्यात आधार नाही. आधीच झीज असलेल्या, पन्नाशीपुढच्या लोकांवरही अमेरिकेत एक अभ्यास झाला. स्वतःला झेपेल तसे धावणाऱ्यांची झीज न धावणाऱ्यांपेक्षा जास्त वाढल्याचे त्यात दिसले नाही. उलट वजनाचे गणित सरळ आहे. एक किलो वजन कमी झाले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. बाबांचे सहा किलो वाढले होते. सहा चोक चोवीस, आणि ते प्रत्येक पावलाला. ते चोवीस किलो माझ्या एका वाक्याने त्यांच्या गुडघ्यावर ठेवले होते.

परतताना बाबांनी रिक्षात वाजपेयींची गोष्ट काढली. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी झाले. त्याच्या आदल्याच महिन्यात पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला होता आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये उजवा. "राज्य नवं, गुडघाही नवा," बाबा म्हणाले. बाबांना आपलाही नंबर लागणार असे वाटत होते, हे मला तेव्हा समजले. दोन नंबरच्या झिजेला ऑपरेशन नसते, हे मॅडमनी सांगूनही त्यांच्या मनातून गेले नव्हते. आईने त्यांना ते रिक्षातच पुन्हा एकदा सांगितले, जरा मोठ्या आवाजात.

व्यायाम चार आहेत. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची. पाय सरळ ठेवून उचलायचा. कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा. आणि भिंतीला पाठ लावून अर्धे बसायचे, दुखत नाही तेवढेच. मांडीचा पुढचा स्नायू हाच खरा पट्टा, असे मॅडम म्हणाल्या. बाबा फौजी असल्यामुळे मोजून करतात, पण फौजी असल्यामुळेच सांगितलेल्या दहाऐवजी तीस करतात. दर रविवारी फोनवर माझे पहिले वाक्य "दहाच केले ना?" असे असते आणि पलीकडून आई खरे उत्तर देते.

धावणे डिसेंबरमध्ये पुन्हा सुरू झाले. एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे, असे वीस मिनिटे. डांबरी रस्त्याच्या कडेला जो उतार असतो तिथे धावायचे नाही, कारण एक पाय कायम खाली राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले असेल तर त्या आठवड्यात वेळ वाढवायची नाही. जानेवारीच्या शेवटी ते तीन मिनिटे धावणे आणि एक मिनिट चालणे इथपर्यंत आले. वजन साडेतीन किलो उतरले आहे. लांब ड्यूटीनंतर आतली बाजू अजून दुखते, तेव्हा अनलोडरचा प्रश्न सुटलेला नाही. मार्चमध्ये पुन्हा दाखवायचे आहे. आईने त्यासाठी डब्यात पैसे टाकायला सुरुवात केली आहे, हे बाबांना माहीत नाही. आपले मासिक ते वाचतात, म्हणजे आता होईल.

फेब्रुवारीत पालकांची एक मैलाची दौड आहे. बाबांनी नाव दिले आहे. मागच्या रविवारी मी विचारले, "नी-कॅप घालून येणार ना?"

"येणार. पण पँटच्या आतून. तुझ्या पोरांना दिसायला नको."

"बाबा, दौड हाफ पँटमध्ये आहे."

बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मग त्यांनी विचारले, "काळ्या रंगात मिळते का बे?"